मागची दोन टायरं आणि विमलताई

रबर दिसलं की विमलताईंच्या अंगठ्याचं नख आपोआप त्यात रुतायचं. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी कुकरची रिंग, माझी चप्पल आणि फ्रिजच्या दाराची पट्टी अशा तिन्हींचा निकाल लावला. "रिंग ताठलीय, फेक. चप्पल बरी हाय. फ्रिजवाल्यानं तुमास्नी फसवलंय." आमचं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि तो फ्रिज सासऱ्यांनी दिलेला होता.

शिक्रापुरात आमच्या समोरच्या खोलीत त्या एकट्याच राहत. गाव वरवंड. एका रबराच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर त्यांची बावीस वर्षं गेली होती. रबराच्या पट्ट्या ताणायच्या, तापवायच्या, फाडायच्या आणि नापास करायच्या. बाहेरही त्यांचं तेच चालायचं. घरमालक नापास, साहेब नापास, भाजीवाला तर रोजच नापास. "ह्याला मानूस म्हंत्यात?" असं म्हणून त्या समोरच्याला मोडीत काढत.

माझा चुलतभाऊ प्रवीण राहू गावचा. त्यानं एक जुनी परदेशी गाडी घेऊन तिच्या इंजिनाची ताकद दुपटीनं वाढवली होती. ती सगळी ताकद मागच्या चाकांवर. पाय दाबला की चाकं जागच्या जागी गरगरत, धूर निघे, गाडी मात्र हलत नसे. त्याला सरळ पट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत उतरायचं होतं आणि एरवीही तीच गाडी वापरायची होती. त्यासाठी त्यानं कुणा शर्यतवाल्याची वापरलेली दोन रुंद टायरं आणली आणि मला दाखवायला दारात उतरवली.

ताई दुधाची पिशवी घेऊन येत होत्या. थांबल्या.

"ही कुठं लावनार?"

"दोन्हीकडं चालतील. शर्यतीला आन् रस्त्याला."

"लग्नाला आन् उसाला दारं धरायला एकच कापडं घालतोस का रं?"

खोलीतून त्यांनी कडकपणा मोजायचं छोटं घड्याळ आणलं, टायरावर दाबलं आणि काटा आम्हा दोघांना दाखवला. "शर्यतीचं टायर मऊ पायजे, रस्त्याला चिकटायला. हे तापून तापून मेलंय. आन् खाचा बघ, नावाला हायत. पावसाचं पानी निघायचं कुठनं? गोठ्यात म्हशीखाली अंथर ही. रस्त्याला खोल खाचांची घे, शर्यतीची जोडी येगळी ठेव, तिथं जाऊन बदल. रुंदी बघून टायर घेनारा आन् शिंगं बघून बैल घेनारा, एकाच माळेचे मनी."

प्रवीण हसला. "मावशी, कारखान्यात पट्ट्या मोजणं येगळं आन् गाडी येगळी." ताईंनी त्याच्याकडं नापास मालाकडं बघावं तसं बघितलं आणि दार लावून घेतलं.

"तुला काय वाटतं?" त्यानं मला विचारलं.

"बघ बाबा, तुझी गाडी," मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात त्याच टायरांवर आम्ही दौंडला निघालो होतो. पावसाची एक सर येऊन गेली होती. चौफुल्याच्या पुढं प्रवीणनं एका ट्रकला मागं टाकायला पाय दाबला आणि गाडीची मागची बाजू पुढं आली. दोन गिरक्या. समोरून एक जोडपं मोटारसायकलवर येत होतं, मध्ये लहान मूल. त्यांच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावरून आम्ही गेलो आणि बांधावर आपटलो. प्रवीणला ओरखडाही नाही. माझं गळपट्टीचं हाड मोडलं.

ताई दवाखान्यात आल्या, स्टुलावर बसून मोसंबी सोलू लागल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मीच सुरुवात केली. "ताई, तुमचं खरं होतं. प्रवीणला अक्कलच नाही."

"प्रवीण्याचं सोड. त्याला पटलंच न्हवतं. तुला पटलं हुतं."

मी हाताची झोळी सारखी करू लागलो.

"काटा बघितलास, समदं ऐकलंस, आन् त्याच्या शेजारी जाऊन बसलास."

"गाडी त्याची होती, ताई."

"आन् त्या फटफटीवरचं लेकरू? ते कुनाचं हुतं?"

मोसंबीच्या फोडी त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिल्या, माझ्या नाही.

त्या वर्षअखेरीस त्या निवृत्त होऊन वरवंडला गेल्या. जाताना चाळीतल्या प्रत्येक दारात थांबल्या. मला एवढंच विचारलं, "हात पुरता वर जातो का?" मी हो म्हणालो. "बरं," म्हणून त्या टेम्पोत बसल्या.

प्रवीणनं गाडी दुरुस्त केली. टायरं घ्यायला मला घेऊन गेला आणि पुन्हा तसल्याच एका रुंद जोडीवर हात ठेवला. दुकानात पाच-सात माणसं होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ही रस्त्याला लावलीस तर मी या गाडीत बसणार नाही. तुझ्या पोरांनाही बसू देणार नाही." तो लाल झाला, मला तिथंच सोडून निघून गेला. दोन महिने बोलला नाही. मग कळलं, त्यानं दोन वेगवेगळ्या जोड्या घेतल्या.

हे कळलं त्याच दिवशी मी ताईंना फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "आता शाबासकी पायजे व्हय?"

आणि फोन ठेवला.