पोर्चमधली मोटारसायकल

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून डावा पाय बराचसा सावरला, पण डावा हात काही केल्या वळेना. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. घरी आल्यावर ह्यांनी काय करावं? पोर्चमध्ये कित्येक वर्षं धूळ खात पडलेली आपली जुनी मोटारसायकल दुरुस्त करायला घेतली.

केडगावात राहायचं आणि पुणे रोडला गाडी घालायची म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांना ओलांडून अंगावर येणारे ट्रक. त्यात हा एका हाताचा माणूस! पण सकाळी स्वतःहून अंथरुणातून उठायला लागले होते, दाढी करायला लागले होते, ते ह्या गाडीपायी. नाही कसं म्हणणार?

कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन बघून गेला. मला म्हणाला, "काकू, लई जुनी हाय. भंगारात द्या, डोक्याला ताप न्हाई." ह्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग त्यांचा डावा हात मी झाले. ते उजव्या हातानं पाना फिरवायचे, मी पलीकडून नट धरायची. कार्बोरेटर सुटा करून माझ्या चांगल्या परातीत पेट्रोलनं धुतला. त्या परातीत मी पुन्हा कणीक मळली नाही. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, तोही मीच आवरला. नट जरा सैल धरला की हे खेकसायचे, "अगं, नीट धर. पापड लाटतेयस का?" मीही ऐकून घेणारी नव्हे. "मग दुसरी बघा नट धरायला," असं मी सुनवायची. भांडणात दुपार बरी जायची. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी मनातून सांगायची, बाकी सगळं होऊ दे, ही गाडी तेवढी चालू होऊ देऊ नकोस.

देवानं ऐकलं नाही. एका रविवारी स्टँडवर लावलेल्या गाडीवर हे बसले, मी हँडल धरलं. चोक ओढून किक मारली, पुन्हा मारली, मारतच राहिले. शेवटी गाडी खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. ह्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. ते आनंदाचं होतं की भीतीचं, मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी डावा हात उचलून क्लचवर ठेवला. उजव्या हातानं त्याचं एकेक बोट वाकवून तिथं बसवलं आणि जोर लावला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, बोटं तशीच. क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, एवढं मलाही कळतं. इतके दिवस मी नुसती ट्रकना घाबरत होते. क्लच माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

"हे तुमच्या आधी लक्षात नाही आलं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग एवढं राबलो कशासाठी आपण?" मी चिडलेच.

ते क्लचवरच्या बोटांकडे बघत होते.

"मला वाटलं, गाडी होईस्तोवर हातही होईल."