मुका राजपुत्र आणि काळा हंस

इरा चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. कान ठीक, समज ठीक, थेरपी चालू. पण शब्द म्हणून नाही. जिभेला चाटवायला माझ्या आईने पुण्याहून पाठवलेलं वेखंड इथे परदेशात विमानतळावरच अडलं. गणपतीला नवस बोलून झाला. दोन भाषांनी मूल गोंधळतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही तिच्याशी फक्त इंग्रजी बोलू लागलो. मराठी उरली ती माझ्या आणि बाप्पाच्या भांडणापुरती. खरं सांगते, माझा धीर सुटत चालला होता.

एका शनिवारी दुपारी आमच्या गिरावीन उपनगरातल्या घरापासून जवळच्या तळ्यावर तिला नेलं. बाकावर एक वयस्कर जपानी बाई डबा खात बसल्या होत्या. त्यांच्या ‘हॅलो’ला इराने उत्तर दिलं नाही, तेव्हा मी सवयीने म्हटलं, “सॉरी, ती बोलत नाही.”

“सॉरी कशाला? आमच्या पुराणात एक राजपुत्र आहे, होमुत्सुवाके. सम्राटाचा मुलगा. दाढी छातीपर्यंत आली तरी बोलेना. एकदा आकाशातून हंस ओरडत गेला आणि याचे ओठ हलले!”

“आणि बोलायला लागला?”

“लगेच नाही, डिअर. इझुमोचा देव सम्राटाच्या स्वप्नात आला, म्हणाला, माझं देऊळ नीट बांध. राजपुत्र तिथे दर्शनाला गेला, मग बोलला.”

म्हणजे तिथलाही देव रुसलेलाच! मला हसूच फुटलं. तेवढ्यात तळ्यातला काळा हंस मान उंच करून तुतारी फुंकल्यासारखा ओरडला. इरा ताडकन उठली, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बाप्पा, हे काय?”

अहो, बोलली! माझी इरा बोलली, आणि तेही मराठीत! मी रडतेय, हसतेय, त्या बाईंना मिठी मारतेय, त्यांचा भात गवतावर सांडतोय, आणि त्या “नो वरीज, नो वरीज” म्हणत स्वतःचेच डोळे पुसताहेत. मग उमगलं, ते वाक्य माझं होतं. रोज सकाळी दिवा लावताना मी हीच तक्रार करायचे. मी बाप्पाला ऐकवत होते आणि ऐकत होती इरा.

थेरपिस्ट म्हणाली, शब्द येणारच होते. असतील, मी वाद घालत नाही. त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं आणि त्या पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांना आणि त्यांच्या राजपुत्राला मनोमन नमस्कार करते. हल्ली बाप्पाकडे मागायला काही सुचतच नाही. मी हात जोडून गप्प उभी राहते; बोलायचं काम इरा करते.