दिवा लुकलुकत असताना

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबडला दोन खोल्यांत राहत होतो. आमच्या ह्यांनी कारखान्यातल्या एका इंजिनिअर मॅडमबरोबर पिंपळगावच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी एक बोर्ड बनवायला घेतला होता. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे यायची. बोर्ड तापमान अनेकदा मोजून, बेरीज करून सरासरीचा आकडा दाखवायचा आणि मोजत असताना एक छोटा दिवा लुकलुकायचा. मध्येच कुणी दार उघडलं तर तो मोजणं सोडून भोंगा वाजवायचा आणि सोडलं तिथून पुन्हा मोजायला लागायचा. याला ती दोघं इंटरप्ट म्हणत. घरात मोजकं बोलणारा माझा नवरा तिच्याशी या एका शब्दावर दुपारभर बोलायचा. एकदा तरी माझ्याकडे बघून तसं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

दाराऐवजी घरी एक बटण होतं. ते दाबायचं काम माझं. मी दाबलं की भोंगा वाजायचा, आकडा बरोबर यायचा. पिंपळगावला मात्र दार उघडलं की आकडा भलताच. दोघांना काही उमगेना.

एका दुपारी मॅडमने कागद बाजूला ठेवला. "थांबा. वहिनी, तुम्ही बटण दाबायला दिवा विझायची वाट बघता का?"

"त्याचं काम चालू असतं ना," मी पुटपुटले. कुणाच्या मध्ये बोलू नये, हेच मी माहेरी शिकले होते. हातालाही तीच सवय.

हे खो खो हसले. "मॅडम, ही मांजरालासुद्धा विचारून उठवते!"

माझी चेष्टा, तीही तिलाच सांगितली. इतके दिवस मी ह्यांच्या शेजारी बसून बटण दाबत होते. मी कधी दाबते ते ह्यांनी पाहिलं नाही, तिने पाहिलं.

"आता मध्येच दाबा," ती म्हणाली. दिवा लुकलुकत असताना मी दाबलं. भोंगा वाजला आणि आकडा भलताच आला. दोघं आनंदाने ओरडली. असेंब्ली भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळींवर दोन डोकी वाकली.

"भोंग्याकडे जाताना आपण झालेली बेरीज..."

"...बाजूला ठेवलीच नाही! त्याच जागेवर भोंगा किती वेळ वाजवायचा तो आकडा लिहिला."

"जाताना ठेवायची..."

"...आणि आल्यावर उचलायची."

तिने सुरू केलेलं वाक्य हे पुरं करत होते. माझं एकही वाक्य ह्यांनी असं कधी पुरं केलं नव्हतं.

ओळी बदलल्या, चिपमध्ये पुन्हा भरल्या. मी मुद्दाम दिवा लुकलुकतानाच दाबत राहिले. आकडा दर वेळी बरोबर. मग दोघं पुढच्या बोर्डाविषयी बोलू लागली. मी तशीच बसून. ह्यांचं वाक्य अर्धं असताना मी जन्मात पहिल्यांदा मध्ये बोलले, "चहा ठेवू का?"

हे थांबले. माझ्याकडे बघितलंसुद्धा. "ठेव," म्हणाले. आणि तिच्याकडे वळून, जो शब्द तोंडात होता तिथूनच पुढे बोलू लागले.