बुटकं धान

कुठल्याही गोष्टीकडे सुटीसुटी, एकटी म्हणून पाहणं माझ्या मामेसासऱ्यांना उभ्या आयुष्यात जमलं नाही. माझ्या बायकोचे हे मामा कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि शहराच्या कडेला बेसाला घर बांधून राहिले. प्राण्याचा एक गुण बदलला की सोबत दुसरा कोणता बदलतो, याचा त्यांना भारी नाद. गच्चीवरच्या कबुतरांना ते दाणे टाकायचे, अलगद धरायचे आणि चोच न् पाय पट्टीनं मोजून सोडून द्यायचे. आखूड चोचीचं कबूतर आखूड पायांचं निघालं की त्या दिवशी चहा दोनदा. माझ्या मेहुण्याच्या लग्नाची बोलणी करायला गेलो, तर मुलीकडे पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजर. मामा उठले, तिच्या मागे उकिडवे बसले आणि जोरात टाळी वाजवली. वधूपिता दचकले, मांजर नाही. मग मुहूर्त राहिला बाजूला आणि अशा मांजरी पुष्कळदा बहिऱ्या का असतात, यावर अर्धा तास व्याख्यान झालं. तेव्हा मामी अशा खळखळून हसल्या की सगळं घर हसायला लागलं आणि लग्न जमलं. परतताना ऑटोत त्याच मामींनी मामांना असं झापलं, की सिग्नलवर शेजारचे गाडीवाले वळून पाहू लागले.

मामींना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या कुहीच्या माहेरी वासाचं एक धान होतं. भात शिजला की घरभर घमघमाट, पण रोपं इतकी उंच की जराशा वाऱ्यानं आडवी व्हायची. मामी गेल्यावर मामांनी ते गच्चीवर बारा टबांत लावलं. दरवर्षी सगळ्यांत बुटक्या रोपांचं बी राखायचं, असा क्रम ठेवला. चौथ्या वर्षी धान शिपायासारखं ताठ उभं राहिलं. मामांनी आम्हाला जेवायला बोलावलं, स्वतः भात रांधला, झाकण काढलं. वाफ आली, वास आला नाही.

मामांनी चार शितं बोटांत चुरडून नाकाशी नेली. मग वर्गात सांगावं तसं म्हणाले, या धानात उंची आणि वास सोबतीनं चालत असावेत. हजारो रोपं लावली असती तर बुटकं आणि वासाचं असं एखादं सापडलंही असतं. जेवणं झाल्यावर हात धुता धुता मात्र त्यांचा आवाज बदलला.

"जावईबापू, तिनं हळू बोलावं म्हणून चाळीस वर्षं मी तिच्या मागे लागलो. शेवटल्या वर्षी दुखण्यानं बोलाले लागली हळू. अन् मंग तिचं हसणंबी आयकू आलं नाही."

मी नळ बंद करून टॉवेल पुढे केला.

पुढच्या पावसाळ्याआधी मामा एसटीनं कुहीला गेले आणि मामींच्या भावाकडून जुनं उंच बी मागून आणलं. दिवाळीच्या सुमारास आम्ही गेलो, तर टबांतलं सगळं धान कठड्यावर आडवं झालेलं. मी रोपं उभी करून काठीला बांधायला लागलो. मामा खाली बसून ओंब्यांजवळ तोंड नेऊन होते.

"तुम्हाले वास येऊन राहिला काय जी?" त्यांनी विचारलं.

येत होता. मी तसं सांगितलं.

"मंग पडू द्या त्याले," मामा म्हणाले.