औशाच्या अलीकडची अंघोळ

वडील अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही घेत नाहीत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी, भस्म, बेलाचं पान. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्या पंधरा मिनिटांमुळे आमच्या घरानं कधी सहल केली नाही. लग्नाकार्याला जाणं व्हायचं, कारण नातेवाइकांकडे न्हाणीघराची खात्री असे. बाकी कुठे जायचा विषय निघाला की वडील म्हणत, "माझ्या पूजेचं काय करता?" तिथे विषय संपे. आईनं हे वाक्य चाळीस वर्षं ऐकलं.

या मे महिन्यात त्यांनी किराणा दुकान माझ्या भावाच्या हाती दिलं. त्याच आठवड्यात आई म्हणाली, "आता तर दुकान बी न्हाई. चार दिवस गाडीनं फिरू. कुठं ते ठरवायचं न्हाई. जाऊ तिथं राहू."

वडील तयार झाले, पण अट घालून. पूजा अडली तर गाडी तिथूनच नांदेडला वळवायची. आईनं अट मान्य केली. गाडी मी चालवणार होते.

पहिला दिवस नीट गेला. लोह्याला उसाचा रस घेतला, अहमदपूरच्या पुढे एका चिंचेखाली जेवलो. आई मागे दोन्ही काचा खाली करून बसली होती. एसी लावू का विचारलं तर म्हणाली, "वारं खायला आलोय, फ्रीजमध्ये बसायला न्हाई." वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी ती मोठ्यानं वाचत होती. रात्री लातुरात लॉजवर मुक्काम केला.

सकाळी सहाला लॉजच्या नळाला पाणी नव्हतं. टँकर नऊनंतर येईल, असं मॅनेजर म्हणाला. वडिलांना तोवर थांबवेना. "औशाच्या वाटेवर कुणाच्या तरी शेतात मोटार चालू असंलच," ते म्हणाले. आम्ही निघालो. पहिल्या शेतातली विहीर तळाला गेली होती. दुसऱ्या ठिकाणी बोअर होता, वीज नव्हती. साडेनऊ वाजले. वडिलांना मधुमेह आहे. गोळी जेवणाआधीची आणि जेवण पूजेनंतरचं. आईनंही काही खाल्लं नव्हतं. ते जेवल्याशिवाय ती जेवत नाही.

तिसऱ्या शेतात लिंबाखाली एक बाई गवारीच्या शेंगा निवडत बसली होती. पन्नाशीची असेल. मी अडचण सांगितली, ही आमची पहिलीच सहल आहे हेही.

"मोटार हाय, पर लाईट अकराला येती. ह्या आठवड्याला दिवसाची पाळी हाय," ती म्हणाली. मग झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या घागरीकडे बोट दाखवलं. "हे गावातनं आणलेलं हाय. घ्या मामा, न्हा."

"तुमचं प्यायचं पाणी अंगावर ओतू का मी?" वडील म्हणाले.

ते बुंध्याला टेकून बसले. कपाळावर घाम होता. औशात दुसरा लॉज बघू, असं मी म्हणाले. तिथं तरी पाणी असेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं म्हणाले, "वळव गाडी. तीन तासांत घरी पोचू."

आईनं वाद घातला नाही. दशम्यांचं फडकं तिनं सोडून ठेवलं होतं, त्याच्या पुन्हा गाठी मारायला लागली. पहिली गाठ नीट बसेना. ती सोडून परत बांधली. "चला," ती म्हणाली. "ठरलं होतं ते ठरलं होतं."

वडील तिच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी त्या बाईला विचारलं, "एक तांब्याभर पाणी देता का? तेवढं पुरंल."

हातपाय धुऊन त्यांनी आईकडून भस्माची डबी घेतली.

"अंघोळ?" आईनं विचारलं.

"भस्मस्नान करतो." त्यांनी मान वर केली नाही. "अंगाला भस्म लावायचं, मंत्र म्हणायचा. झाली अंघोळ. आजाऱ्याला चालतं. प्रवाशाला बी चालतं."

"प्रवाशाला बी?"

"हाव."

"कवापासून?"

"पहिल्यापासूनच हाय ते."

शेतातल्या बाईनं पदर तोंडाला लावला. "मावशी," ती म्हणाली, "लई सोसलं म्हणायचं तुम्ही."

वडिलांनी सदरा काढून भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं. घरून ओल्या फडक्यात आणलेलं बेलाचं पान आईनंच पुढे केलं. पूजा रोजच्या इतकीच चालली.

त्यांनी गोळी घेतली. थोड्या वेळानं आईनं आम्हा दोघांपुढे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. वडिलांच्या दोन दशम्या झाल्यावर ती म्हणाली, "का हो?"

वडिलांनी घास खाली ठेवला. "मला बाहेर झोप येत न्हाई. आणि दुकानाचं शटर लावलं की वाटायचं, परत येईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडं गेलेलं असंल. हे कसं सांगायचं माणसानं? देवाचं नाव घेतलं की पुढं कुणी विचारत न्हाई."

"मी विचारायला पायजे होतं," आई म्हणाली. तिनं त्यांना तिसरी दशमी वाढली आणि आपण खायला सुरुवात केली.

आम्ही निघतानाच वीज आली. मोटारीनं पाणी धरलं आणि पाइपातून जाड धार सरीत पडायला लागली. "या मामा, आता न्हा पोटभर," बाई ओरडली. वडील थांबले. पाण्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आता माझा टाईम हाय," आई म्हणाली.

ते निमूट गाडीत बसले. बाईनं आईच्या ओंजळीत गवारी टाकली. ओंजळीत मावेना, म्हणून आईनं ती पदरात घेतली.

कुठे जायचं, मी विचारलं. आईला विचार करावा लागला नाही. "औशाचा किल्ला. तिकडनं बसनं किती वेळा गेले, एकदा बी उतरले न्हाई."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होतं. किल्ल्यात आमच्याशिवाय कुणी दिसलं नाही. मी दरवाजाच्या सावलीत थांबले. आई तटावर चढली आणि डोक्यावर पदर घेऊन चालू लागली. प्रत्येक बुरुजापाशी थांबून ती खालचं बघायची. वडील डोक्यावर पंचा टाकून तिच्या मागे चार पावलं अंतरावर होते. ती थांबली की तेही थांबत. सगळा वेळ ते मला दिसत होते. चल म्हणून त्यांनी तिला एकदाही हात केला नाही.