प्रणालीने लावलेली फाईल

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तशी मी पोटात काही ठेवणारी बाई नव्हे. शेजारच्या सावंतकाकू म्हणतात, सुनंदाला सांगितलं म्हणजे करी रोडच्या पुलावर बोर्ड लावला. मग हे एवढं एक कसं राहिलं? मलाच नवल वाटतं.

आधी एक सांगून टाकते — मी सुखी आहे. नाहीतर तुम्हाला वाटेल, मनाने पोखरलेली कोणी बाई बोलते आहे. तसं नाही. परळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, लवकरच निवृत्त होईन. चाळ पडली, टॉवर झाला, त्यात आम्हाला घर मिळालं. सकाळी खिडकीतून ऊन आत येतं आणि विलास, माझा नवरा, त्या उन्हात बसून पेपर वाचतो. त्याला माझ्या हातचं बांगड्याचं तिखलं आवडतं. हे सुख खोटं नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

आमच्या कॉलेजची एक रिपॉझिटरी आहे. विलास तिला ‘तुझं कोठार’ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. विद्यार्थ्यांचे प्रबंध, प्राध्यापकांचे लेख, गिरणगावातल्या गणेशमंडळांच्या जुन्या स्मरणिका — असं सगळं स्कॅन करून, नीट नोंदी करून नेटवर ठेवायचं, म्हणजे जगात कोणालाही फुकट वाचता येतं. स्मरणिका ही आमची खासियत. गिरणीतल्या माणसांनी लिहिलेल्या कविता, नाटकांचे फोटो, केशकर्तनालयांच्या जाहिराती. काकूंनी एकदा विचारलं होतं, ‘म्हणजे तू रद्दी सांभाळतंस?’ मी म्हटलं, हो, आणि पगारही घेते.

हे काम आम्ही दोघी करायचो, मी आणि प्रणाली. ती तेव्हा नवीन होती, तात्पुरत्या जागेवर. राहायला शिवडीला, वडील बंदरावरच्या गोदामात. कॉलेजात नोकरी करणारी घरातली पहिलीच. मी एकदा तिच्या घरी गेले होते, तेव्हा बुद्धमूर्तीच्या शेजारी तिच्या पदवीची चौकट लावलेली पाहिली होती. तिच्या आईने ती माझ्यादेखत पदराने पुसली.

स्मरणिकांच्या कामावर आम्ही दोघींनी मिळून निबंध लिहिला. रिपॉझिटरीवाल्यांची आंतरराष्ट्रीय परिषद जर्मनीत होती, तिकडे पाठवला, आणि तो स्वीकारला गेला. प्रिन्सिपल म्हणाले, कॉलेज एकीलाच पाठवू शकेल. सीनियर मी. प्रणालीचा चेहरा क्षणभर उतरला असेलही, मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या प्रवासाच्या तयारीला लागली. कुठल्या स्टेशनवर गाडी बदलायची, हॉटेलपासून सभागृह किती लांब, मोजे कसले घ्यायचे — सगळं तिने काढलं. व्हिसाचा फॉर्म तिने भरला. कागदांची फाईल तिने लावली. प्रत्येक कागदाला रंगीत चिठ्ठी, चिठ्ठीवर तिचं गोल अक्षर.

आता सांगायचं ते सांगते — नाही, थांबा, आधी फ्लेक्सचं सांगते.

विलासच्या मंडळाने गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला. माझा फोटो, खाली ‘जर्मनीस प्रयाण करीत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि त्याखाली माझ्यापेक्षा मोठे असे मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो. व्हिसाचा अजून पत्ता नव्हता. पण आमच्याकडे बाळ व्हायच्या आधीच बारशाचा मांडव. येता-जाता लोक विचारायचे, कधी निघणार? मी हसून सांगायचे. आणि पाय उचलून पुढे सटकायचे.

कारण मला जायचं नव्हतं. भीती वाटत होती. निबंध वाचला असता. पाठ केला होता. पण नंतर प्रश्नोत्तरं असतात. कोणीतरी उठणार, भरभर इंग्रजीत काहीतरी विचारणार, मला ते कळणार नाही आणि सगळं सभागृह थांबून बघणार — हे मला रोज दिसायचं. पण भीती हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की मला इथंच बरं वाटत होतं. माझं कोठार, माझी खिडकी, माझे बांगडे. यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. मी तेव्हाच ‘नाही’ म्हटलं असतं तर प्रणाली गेली असती. ती उड्या मारत गेली असती. पण फ्लेक्सवरच्या बाईला ‘नाही’ म्हणता येईना. मला कोणीतरी बाहेरून ‘नाही’ म्हणणारं हवं होतं.

व्हिसाचे कागद द्यायचा दिवस आला. प्रणाली म्हणाली, सोबत येते. मी म्हटलं, कशाला, मी काय कुकुलं बाळ आहे? टॅक्सी केली. गिरगावात सिग्नलला टॅक्सी थांबली, आणि मी उतरले. काही ठरवलं नव्हतं — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण टॅक्सीत बसतानाच मी सुटे पैसे हातात काढून ठेवले होते. म्हणजे ठरवलंच होतं की नाही?

एका जुन्या खाणावळीत बसले. साबुदाणा वडा घेतला, पीयूष घेतलं, मग आणखी एक पीयूष. फाईल शेजारच्या खुर्चीवर. तिथं मला वाईट वाटलं असं सांगायला आवडलं असतं. पण नाही वाटलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. येताना आठवणीने कोकम आणि कुळथाचं पीठ घेतलं.

घरी सांगितलं — खिडकीवरूनच परत पाठवलं. कागदांत काहीतरी चूक आहे म्हणाले. आता पुढची तारीख मिळेपर्यंत परिषद होऊन जाईल.

खोटंच बोलायचं होतं तर दुसरं सुचलं नसतं का? ताप आला म्हणता आलं असतं. चक्कर आली म्हणता आलं असतं. पण ताप माझा झाला असता, चक्कर माझी झाली असती. कागद प्रणालीचे होते. हे मला बोलतानाच कळत होतं. ‘तेव्हा तिचा विचारच मनात आला नाही’ असं तुम्हाला सांगून मला सुटता येईल, पण तो आला होता.

सावंतकाकू म्हणाल्या, ‘जाव दे गो, मेल्यांका काय कळता?’ विलास दोन दिवस गोऱ्या लोकांवर चिडून होता. फ्लेक्स काढला. कांदेबटाटेवाल्या रामूने तो मागून घेतला आणि हातगाडीवर झाकायला वापरला. त्या पावसाळ्यात माझं हसरं तोंड कांद्यांवर पसरलेलं असायचं. गल्ली हसायची, मीही हसायचे.

प्रणाली हसली नाही. तिने फाईल मागितली आणि लायब्ररीच्या टेबलावर एकेक कागद मांडून तपासला. पुन्हा तपासला. चूक सापडेना. असती तर सापडली असती. शेवटी फोटो हातात घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. ‘मॅडम, फोटोमागचा रंग जरा मळका आहे. हेच असणार. सॉरी मॅडम, माझ्यामुळे झालं.’ डोळे भरलेले.

आणि मी — हेच ते, इथपर्यंत यायला मला एवढा वळसा पडला — मी तिला माफ केलं. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘असू दे गं. नवीन आहेस, शिकशील हळूहळू.’ तिने माझे आभार मानले.

स्टाफरूममध्ये एकजण चहा ढवळत म्हणाला, ‘कोणाकोणाला भरती करतात हल्ली, मग असंच होणार.’ त्याला काय म्हणायचं होतं ते तिथल्या सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. प्रणाली दारात होती. मी बिस्किट उचललं आणि खाल्लं.

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट तपासायची, मग परत तपासायची, मग मला दाखवायची. ‘मॅडम, एकदा नजर टाकता?’ तिच्या नोंदींत काना-मात्रेची चूक निघत नाही. कॉलेजात तिच्या काटेकोरपणाचं उदाहरण देतात. मीही दिलं आहे, तिच्या कायम होण्याच्या शिफारसीत. पण परदेशात निबंध पाठवायचं नाव काढलं की म्हणायची, नको मॅडम, माझ्या हाताला त्या कामात यश नाही. असं किती वर्षं चाललं. यंदा मीच हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठे तिने पाठवला. त्याच परिषदेला. याला प्रायश्चित्त म्हणू नका. मी म्हणत नाही.

तयारी मात्र मजेत झाली. दादरला जाऊन आम्ही गरम कपडे घेतले. बॅग काट्याला लावली, लाडवांनी वजन वाढलं तर पुस्तकं काढली, लाडू ठेवले. व्हिसाच्या आदल्या दिवशी तिने फाईल माझ्यापुढे ठेवली. त्याच रंगीत चिठ्ठ्या, तेच गोल अक्षर. मी एकेक कागद पाहिला आणि म्हटलं, ‘सगळं बरोबर आहे.’

‘तेव्हाही मला सगळं बरोबरच वाटलं होतं, मॅडम,’ ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, नुसती काळजी होती. ‘फोटो बघा ना परत.’

मी फोटो बघितला. तोंड उघडायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. टेबल तेच होतं, ती समोर होती, वाचनालयात कोणी नव्हतं. मी म्हटलं, ‘मागे पांढरा आहे. छान आलाय.’

काल तिचा तिकडून फोन आला. निबंध झाला, प्रश्नोत्तरंही झाली. नुसती बोलत सुटली होती. ‘मॅडम, एका बाईंनी विचारलं, तुमच्या नोंदी इतक्या बिनचूक कशा? मी सांगितलं, सुरुवातीला माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती. पण आमच्या मॅडमनी सांभाळून घेतलं, एका शब्दाने बोलल्या नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम.’

त्या फाईलमध्ये चूक नव्हती. एकही नव्हती.

मी फोनवर म्हटलं, छान झालं. मग विचारलं, जेवलीस का?