झेंडूच्या गोणीत गेलेले शब्द

मखमलाबाद रस्त्याच्या त्या माळ्यांच्या घरात शिकलेली सून म्हणजे मनीषा. सासू सुलाबाई आल्यागेल्याला चहाबरोबर तिची दहावीही वाढायची. पण २००३ साली धाकटी जाऊ आशा आली ती थेट बी.कॉम. होऊन, आणि दहावीचं नाव कुणी काढेनासं झालं.

वर आशाला बँकेची परीक्षा द्यायची होती. इंग्रजीचा पेपर जड, म्हणून तिनं एका वहीत अवघड शब्द अर्थासकट उतरवून काढले होते. दुपारी दोघी ओसरीवर झेंडूच्या माळा ओवायला बसल्या की वही तिच्या मांडीशी उघडी. एक माळ, एक शब्द. शेवटची गाठ पडेपर्यंत तोच घोकायचा. "ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी." मनीषाचं डोकं उठायचं. माळा तिच्याच जास्त व्हायच्या, पण कौतुक वहीचं. सुलाबाई म्हणायची, "आशे, तू वाच गं. मनी ओवील तुझ्या वाटच्या."

मनीषाचा तिळपापड व्हायचा. का नाही व्हायचा? इंग्रजीत ती वर्गात पहिली आली होती. तरी सायखेड्याच्या बापानं निकाल लागला त्याच महिन्यात तिचं लग्न उरकून टाकलं. आशाच्या बापानं का नाही उरकलं? राग खरा बापावरचा, पण बाप सायखेड्याला होता आणि आशा हाताशी होती.

परीक्षा आठवड्यावर आली. दसऱ्याच्या आदल्या सकाळी फुलबाजारात माल निघायचा होता. आशा आंघोळीला गेलेली, वही ओसरीवर पडलेली. मनीषानं ती उचलली, अर्ध्या भरलेल्या गोणीत टाकली, वरून झेंडू ओतला आणि सुतळीनं तोंड शिवलं. टेम्पो गेला. तिला इतकं हलकं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन तिनं स्वतःपुरता आल्याचा चहा टाकला.

आशानं अख्खं घर पालथं घातलं. शेवटी ओसरीवर मट्कन बसली आणि रडत म्हणाली, "नाही द्यायची मला परीक्षा."

"बरं झालं," सुलाबाई म्हणाली. "बाईच्या जातीला काय करायचं हाय लय शिकून? ओव माळा."

हेच, अगदी याच शब्दांत, मनीषानं नव्या नवरीपणी ऐकलं होतं. तिनं अकरावीचा विषय काढला होता तेव्हा. आशाचं नाक कापलं गेलं म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

सासू परसात गेल्यावर ती आशासमोर येऊन बसली. "कागद आण. लिही."

"काय लिहू, ताई?"

"ऑब्स्टिनेट, हट्टी. फ्रूगल, काटकसरी. लेथार्जिक, सुस्त." मनीषाचे हात माळ ओवत होते आणि तोंडातून शब्द ओळीनं येत होते. आशाची पेन्सिल मागं पडायला लागली. ऐंशीएक शब्द झाले तेव्हा ती थांबली.

"ताई, तुम्हाला हे सगळं पाठ आहे?"

"कान हायेत मला."

आशानं पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "वही कुठंय?"

मनीषानं मान खाली घातली. "गोणीत टाकली मी. सकाळच्या."

आता ही बोंब मारील, नवऱ्याला सांगेल, सासूपुढं उभी करील. मनीषानं त्याची तयारी ठेवली होती. भांडायचे शब्दही जुळवले होते. आशानं डोळे पुसले, पेन्सिलीचं टोक दातानं सोललं आणि कोरा कागद पुढं ओढला.

"पुढचा सांगा, ताई."

मनीषानं पुढचा सांगितला. एवढं करूनही मोठेपणा आशाच्याच वाट्याला गेला, याचा तिला तेव्हाही हेवा वाटला.